एकोणतीस जानेवारीचं पान

आमच्या शिवकाशीत पुढच्या वर्षाचं कॅलेंडर आडी महिन्यातच, म्हणजे जुलै-ऑगस्टात, तयार होतं. आडीच्या अठराव्या दिवशी नमुन्यांचे अल्बम व्यापाऱ्यांपुढे उघडायचे असतात, त्यामुळे आधीचे पंधरा दिवस छापखान्यात कोणी धड जेवत नाही. रोज एक पान फाडायचं ते कॅलेंडर: वर मोठा आकडा, मध्ये राहुकाळ आणि मुहूर्त, तळाशी 'इतिहासात आज'. तळाच्या त्या तीनशे पासष्ट ओळी माझ्या. इतिहासात बी.ए. केल्याचा तेवढाच उपयोग झाला.

एकोणतीस जानेवारीला मी लिहिलं होतं: 'शिवकाशीजवळ फटाका कारखान्यात स्फोट, अकरा बायका ठार.' याच वर्षीची गोष्ट. त्या अकरांत आमच्या शेजारच्या पेच्चीअक्काची मुलगी सेल्वराणी होती. माझी अडीच वर्षांची यालिनी दिवसभर याच अक्काकडे असते.

नमुन्याची दोनशे पानं छापून झाल्यावर मालकांच्या नजरेला ती ओळ पडली. त्यांनी मला आत बोलावलं, पंखा माझ्याकडे वळवला, आणि गोडीनं सांगू लागले की कॅलेंडर लोकांच्या घरी देवाशेजारी लागतं, सकाळी उठल्या उठल्या मढी कशाला दाखवायची.

"अठ्ठावीसला अवकाशयान फुटून सात माणसं मेली, ती आहेत," मी म्हटलं. "तीसला गांधीजींचा खून आहे. मधल्याच पानावर देव आठवला का, मालक?"

"ते साऱ्या जगाला माहीत आहे."

"हेही होईल. छापलं तर."

ते हसले, लहान मुलाच्या हट्टाला हसतात तसे. मग खरं बाहेर आलं. स्फोट झालेला कारखाना त्यांच्या मेहुण्याचा. नवीन नाव घेऊन तो पुन्हा सुरू होणार होता, पुढच्या एकोणतीस जानेवारीला. तै महिन्यातला मोठा मुहूर्त होता, खुद्द जोशीबुवांनी काढून दिलेला. मी विचारलं, तारीख ओळखली नाही का मेहुण्यांनी? तर म्हणाले, तारीख कोण बघतं, तिथी बघतात. तिथी वेगळी आहे, दोष नाही.

अकरा बायका जळाल्या ती तारीख त्या मेहुण्याला आठवलीसुद्धा नव्हती. लपवलं असतं तर मला एवढा राग आला नसता.

त्या जागी एखादा पक्षी दिन वगैरे टाक आणि उद्या सही कर, असं सांगून त्यांनी मला वाटेला लावलं. माझ्या सहीशिवाय पान पुढे जात नाही. जुन्या दोनशे पानांचा गठ्ठा तोवर रद्दीत गेलाही होता.

घरी परतल्यावर यालिनीला उचलण्याआधी मी तिचे हात हुंगते. लोक हसतात, हसू देत. अक्काला मी शपथ घातली होती, पोर असताना घरात कारखान्याचं काम आणायचं नाही. त्या संध्याकाळी हातांना खळीचा वास आला. ओसरीवर फटाक्याच्या नळ्यांचा ढीग पडला होता, आणि माझी पोर मांडी घालून एक नळी वळत होती.

"रिकाम्या आहेत गं," अक्का म्हणाली. "दारू कुठाय त्यात? मागत होती, दिला एक कागद."

"तुझी गेली ना अशीच? आता माझी हवी का?"

बोलले आणि जीभ चावली. अक्काचे हात तेवढे थांबले. यालिनीच्या मुठीतली नळी मी ओढून उलगडली. लाल आकडा, एकोणतीस. खाली माझी ओळ. छापखान्याची रद्दी नळ्या वळायलाच जाते; ओसरीवरच्या साऱ्या नळ्या त्याच पानाच्या होत्या. अक्काला वाचता येत नाही. दुपारपासून ती लेकीच्या मरणाची बातमी वळून वळून फटाक्यांसाठी ढीग लावत होती.

सांगणं भाग होतं. मी वाचून दाखवलं.

"पुन्हा वाच," ती म्हणाली. मी पुन्हा वाचलं. "तिचं नाव कुठाय?"

"नाव नाही. अकरा बायका, असं लिहिलंय."

"गांधींचं लिहिलंस ना? का तिथंही 'एक म्हातारा' असं टाकलंस?" तिचा आवाज चढला नाही, म्हणूनच लागला. "शिकलेली तू. अकरा! अगं, अंडी मोजतेस का?"

कागद पुढे ओढून मी म्हटलं, सांग. तिनं बोटं मोडत एकेक नाव सांगितलं, कोण कुठल्या गावची, कोण पोटुशी. अकराही तिला पाठ होती. सेल्वराणीचं तिनं शेवटी घेतलं.

सकाळी यालिनीला कमरेवर घेऊन छापखान्यात गेले. नव्या पानावर तळाशी, बारीक अक्षरांत, अकरा नावं लिहिली, खाली माझी सही केली आणि पान मालकांपुढे ठेवलं.

त्यांनी ते वाचलं. सहीला माणसं पुष्कळ मिळतील, म्हणाले.

"मिळतील. मग त्यांच्याकडूनच करून घ्या, तीनशे पासष्टही. माझी सही या नावांखालीच."

ते पानाकडे बघायचं टाळून यालिनीकडे बघू लागले. "आणि ही पोर कशाला आणलीस इथं?"

मी तिला टेबलावर बसवलं, मेहुण्याच्या मुहूर्तपत्रिकांच्या नमुन्यांवरच.

"मग कुठं ठेवू?" मी विचारलं. "तुम्हीच सांगा."