डेस आणि क्लाइव्हचं फाटक

क्लाइव्ह प्राउस वर तोंड करून माझ्या दुकानात आला आणि म्हणाला, "मर्ना, गव्हाच्या सायलोवर, त्या उंच गोल कोठारावर, डेसचं चित्र काढायचं ठरलंय. शेजारच्या गावाने सिमेंटचा भलामोठा मेंढा बसवला, तिथे पर्यटकांच्या बसगाड्या थांबतात. आपल्या बुरंबिलने काय माश्या मारायच्या?"

डेस माझा भाऊ. आठ वर्षांपूर्वी वणवा पेटला तेव्हा क्लाइव्ह आमच्या अग्निशमन पथकाचा कप्तान होता. ह्याने बंब माघारी फिरवला आणि डेसला धुरात टाकून आला. चौकशीत सांगितलं, डेस आपणहून मागे राहिला. गावाने मान डोलावली. मी नाही डोलावली.

आमच्या रस्त्यांवर समोरून गाडी आली की नमस्कार म्हणून स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं. ओळख असो, भांडण असो, बोट उचलायचंच. क्लाइव्हला मी आठ वर्षं उचललेलं नाही, आणि हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे.

"माझ्या मेलेल्या भावावर गिऱ्हाइकं गोळा करतोस? लाज नाही वाटत?"

"गावाचं भलं होईल गं. तुझाही चहा-केक खपेल."

त्याच्या अंगावर किटली ओतावी असं वाटलं. पण म्हटलं, "काढा. डेस गाडी चालवतोय, बोट उचललंय, असं काढा. आणि तोंड सायलोमागच्या तुझ्या शेताच्या फाटकाकडे."

"अगं, लोक हायवेवरून येणार. त्यांना काय कोरी भिंत दाखवू?"

"मग डेसला माझा होकार नाही. तूही मेंढाच बसव."

चित्रकार येऊन बसला होता, क्रेन भाड्याने आणून उभी होती. चरफडत कबूल झाला मेला.

आता डेस दहा माणसांएवढा उंच आहे. त्याला नीट बघायचं तर क्लाइव्हच्या फाटकाशीच उभं राहावं लागतं. लोक फोटो काढतात, आणि हा कोण म्हणून जवळ दिसेल त्याला विचारतात. जवळ क्लाइव्हच असतो. शनिवारी मीही तिथे चहा विकते. का नाही विकणार?

परवा एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, "हा कोणाला बोट उचलतोय हो?"

क्लाइव्ह फाटकाची कडी लावत होता. त्याने आधी वर पाहिलं, मग माझ्याकडे.

"मला," तो म्हणाला. "मी ह्याला वणव्यात टाकून पळालो. हाका मारत होता तो. ऐकू येत होत्या मला."

बाई कप तसाच ठेवून गाडीत जाऊन बसली.

तो पळाला हे त्याच्या तोंडून ऐकायला मी आठ वर्षं थांबले होते. हाकांचं मला माहीत नव्हतं. मी खोक्यावर बसले. मग सामान भरलं आणि निघाले.

वळणावर समोरून क्लाइव्हची गाडी आली. त्याने बोट उचललं, आणि खाली घेतलं नाही. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं आणि पुढे गेले.