सोळा तासांची पाटी

मित्रांनो, सध्या मी पाण्याच्या ड्रमवरचं झाकण आहे. पण माझ्यावर उरलेली पिवळी अक्षरं नीट पाहिलीत तर कळेल, मी एके काळची पाटी आहे.

जमीन विकून पुंडलिकनगरात विमानाच्या तिकिटांचं दुकान थाटलेल्या तात्यासाहेबांनी मला पेंटर कडुबाकडून रंगवून घेतलं. 'मुंबई ते न्यूयॉर्क. अंतर साडेबारा हजार किलोमीटर. विमानाने सोळा तास.' लोक थांबून वाचायचे, वा म्हणायचे आणि पुण्याच्या बसचं तिकीट काढायचे.

समोर इमारत उठत होती. तिथं मुंजाबा राखणदार होता. पूर्वी त्याच माळावर त्याची मेंढरं चरायची. दुष्काळात मेंढरं गेली, माळावर प्लॉट पडले आणि मुंजाबा स्वतःच्याच चराईवर पगारी झाला. मुलगा शिवशंकर शिकून न्यूयॉर्कला गेलेला. बायको आक्काबाई समोरच्याच पत्र्याच्या खोलीत अंथरुणाला खिळलेली. डॉक्टर एवढंच म्हणाले, "मुलाला बोलावून घ्या."

"निघतोच, बा," शिवशंकर फोनवर म्हणाला. मुंजाबा तडक माझ्यासमोर आला.

"तात्यासाहेब, हिच्यावर मुक्काम किती लिव्हलेत?"

"मुक्काम नाय रं. सोळा तास. बसला की उतरला."

"म्हंजी एकच मुक्काम? आमी मेंढरं घेऊन नगरला जायाचो तर आठ पडायचे!"

त्यांच्या घरात एक रीत होती. माणूस परत निघाल्याचा निरोप आला, की वाटेत जितके मुक्काम तितके खडे कोनाड्यात मांडायचे. रोज एक काढायचा. शेवटचा निघाला, की चुलीवर अंघोळीचं पाणी ठेवायचं.

आक्काबाईनं एकच खडा मांडायला लावला. टँकर आठवड्यानं यायचा, तरी एक हंडा बाजूला काढायला लावला.

"शिवाच्या अंघोळीचाय. हात लावशील तर बघ!"

मुंजाबा तोंडावरून ओलं फडकं फिरवून कामावर यायचा.

दुसऱ्या दिवशी खडा काढला, पाणी तापवलं. फोन आला, "रजेचं बघतोय, बा." पाणी निववून पुन्हा हंड्यात ओतलं. खडा पुन्हा कोनाड्यात. मग "तिकिटाचं बघतोय." मग "पुढच्या आठवड्यात नक्की."

"पाटी बरोबर हाय ना?" मुंजाबा रोज विचारायचा.

"शंभर टक्के," तात्यासाहेब म्हणायचे.

मित्रांनो, मी खरंच बरोबर होते. माझी अडचण तीच होती.

तेविसाव्या दिवशी सकाळी आक्काबाई गेली. शेजारच्या द्वारकाबाईनं विचारलं, "भाऊ, हिला अंघोळ घालायला पाणी?" टँकरला अजून तीन दिवस होते.

मुंजाबानं हंड्याकडे पाहिलं. "हाय की. तापवा."

तिसरा दिवस झाल्यावर तो कोनाड्यातला खडा घेऊन रस्त्यावर आला आणि माझ्यावर हाणला. मेंढक्याचा नेम. बरोबर 'सोळा'वर बसला. तात्यासाहेबांनी मला उतरवलं आणि त्याच्याच हवाली केलं.

पुढं शहर वाढलं, शहराचं नाव बदललं. अंतर तेवढंच राहिलं. मी मुंजाबाच्या ड्रमावर गंजते आहे.

मित्रांनो, पाट्यांची निगा राखा, हवं तर रंग द्या. पण त्यांच्यावर विसंबू नका. विमान किती तासांत पोचतं ते आम्ही सांगतो. माणूस खुर्चीतून उठायला किती वेळ घेतो, ते कुठल्याच पेंटरला रंगवता येत नाही.

परवा पुन्हा फोन आला, "दिवाळीला निघतोच, बा."

"ये की," मुंजाबा म्हणाला.

खडा मात्र मांडला नाही.