निर्व्यसनी स्थळ

आमच्याकडे निर्व्यसनी म्हणजे दारू न पिणारा. खर्रा त्यात धरत नाहीत. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून दिवसभर गालात ठेवणं हे व्यसन मानलं, तर अर्ध्या गावाला तोंड लपवावं लागेल. म्हणून किशन मध्यस्थाने शिरपूरच्या शिवमचं स्थळ मालेगावच्या उकंडरावांकडे आणताना "पोरगा एकदम निर्व्यसनी" असं छातीठोकपणे सांगितलं, त्यात त्याच्या मते खोटं काहीच नव्हतं.

पाहुणे आले. उकंडरावांची मुलगी वर्षाराणी पोहे घेऊन आली. उकंडरावांनी पाहुण्यांसाठी पानठेल्यावरून ताजे खर्रेही मागवले होते. पाहुणचारात कसूर नको.

शिवम चमच्याच्या टोकावर मावतील एवढेच पोहे तोंडात सरकवत होता. मिरचीचा तुकडा लागला तसे त्याचे डोळे भरून आले.

"लाजते आमचा शिवम," त्याची आई कौतुकाने म्हणाली.

"असाच साधा पोरगा पाह्यजे होता मले," उकंडराव म्हणाले आणि नारळ आणायला उठले.

वर्षाराणीला धडकी भरली. असं खाणारा माणूस ती रोज घरात बघत होती. दाढ दुखते म्हणून उकंडरावांची भाकर तिची आई, तुळसाबाई, कितीतरी वर्षं दुधात चुरून देत होती. घरात तिखटही बंद होतं. आता आपणही जन्मभर भाकरी चुरायच्या, या विचाराने तिला रडू येत होतं. पण बाप नारळ घेऊन आलाच होता.

"एक सांगू?" ती शिवमला म्हणाली. "तीन बोटं उभी तोंडात घालून दाखवा." कॉलेजात दात तपासायला आलेल्या डॉक्टरने तोंड पुरतं उघडतं का हे बघायला तिला असंच करायला लावलं होतं.

शिवमची दोन बोटंही आत गेली नाहीत.

"जबडा आखडला," तो मान खाली घालून म्हणाला. "पोट्टे खर्रा खात होते, मी बी खाल्ला. आता सुटत नाही."

उकंडराव भडकले. "किशन, फसवून राह्यला काय मले? असं रोगी पोट्टं!"

"रोगी काहून?" शिवमचे वडील म्हणाले. "खर्राच त खाते. तुमीच त आता आमच्यापुढं ठेवला."

"आमी बी खातो. आमाले काय झालं?"

"बाबा, तुमी घाला बरं बोटं," वर्षाराणी म्हणाली.

उकंडरावांनी हसत हसत बोटं तोंडाशी नेली, आणि मग ते हसेनासे झाले. खोलीतले बाकीचे पुरुषही, कोणी मिशी पुसल्यासारखं तर कोणी खोकला आल्यासारखं करत, आपापलं तोंड चाचपू लागले. स्थळ तिथेच मोडलं.

संध्याकाळी तुळसाबाईने उकंडरावांच्या ताटात अख्खी भाकर वाढली.

"चुरली काहून नाही?"

"पोरीच्या नवऱ्याले तोंड पाह्यजे, अन् माह्या नवऱ्याले नको? उद्या वाशीमले दवाखान्यात येतो म्हना. मंगच चुरीन."

उकंडरावांनी रागाने तुकडा मोडून तोंडात कोंबला. तो गेला नाही. त्यांनी ताट सरकवलं आणि सवयीने खिशातली पन्नी काढली. खर्र्याची चिमूट दातांच्या फटीतून सहज आत गेली.

तुळसाबाई ते बघत होती. नवऱ्यासमोर ती कधी रडली नव्हती. आता मात्र तिला हुंदका आवरेना, आणि उकंडरावांना तो खर्रा चघळताही येईना, थुंकताही येईना.