बँकॉकच्या तीन दिवसांची कागदी बॅग

मी जळाले त्याला यंदा अकरा वर्षं झाली. तरीही बोलते आहे, याचं नवल वाटून घेऊ नका. आमच्यासारख्या वस्तूंचं खरं आयुष्य जळल्यावरच सुरू होतं. मी प्रवासाची बॅग आहे, कागदाची. पेनांग बेटावर जॉर्जटाउनच्या एका गल्लीत खोरकाकांच्या दुकानात माझा जन्म झाला, आणि आज मी बँकॉकमध्ये नदीकाठी एका मेलेल्या माणसाच्या मांडीवर आहे. मला इथे तीन दिवसांसाठी आणलं होतं.

खोरकाका बांबूच्या कामट्या तासून त्यांचे सांगाडे करायचे आणि त्यावर खळीने रंगीत कागद चिकटवायचे. दुकानाच्या छताला दुमजली घरं टांगलेली असत, मोटारी असत, टीव्ही असत, हात जोडून उभे असलेले कागदी नोकरसुद्धा असत. चिनी पंचांगाच्या सातव्या महिन्यात सगळी मेलेली माणसं भुकेली होऊन फिरायला बाहेर पडतात, तेव्हा घरोघरी हे सगळं जाळून त्यांना पोचवतात. माणसांची मला गंमत वाटते. जन्मभर जो सायकलवरून फिरला, त्याला मेल्यावर ड्रायव्हरसकट मोटार. जिवंतपणी त्याने एक पंखा मागितला असता तर घरात चार दिवस वाद झाला असता.

मला मात्र मुद्दाम सांगून करवून घेतलं. गाइक इम नावाची बाई दुकानात आली, साठीच्या आतबाहेरची, हाताला लसणाचा वास. तिचा नवरा ऊई तेक हाँग चिनी नवीन वर्षाच्या पंधरवड्यात कढईसमोर उभा असतानाच कोसळला होता. तिला घर नको होतं, मोटार नको होती. तपकिरी रंगाची एक बॅग हवी होती, आतून खिसा असलेली, आणि त्या खिशात बँकॉकच्या रेल्वेची दोन कागदी तिकिटं.

खोरकाकांनी पहिल्या तिकिटावर कुंचल्याने तेक हाँगचं नाव लिहिलं. नाव लिहावंच लागतं, नाहीतर वाटेतली बेवारशी भुतं माल पळवतात. मग दुसरं तिकीट पुढे ओढून त्यांनी विचारलं, हे कोणाच्या नावावर? तिने आपलं नाव सांगितलं. काकांनी कुंचला खाली ठेवला.

"वहिनी, जिवंत माणसाचं नाव मी या कागदावर लिहीत नाही. कागद पुढे गेला की माणूस मागे फार दिवस राहत नाही."

"मग कोरं ठेवा."

"कोरं त्याहून वाईट. त्यावर कोणीही येऊन बसेल."

तिने पैसे दिले, मला काखेत धरलं आणि कोरं तिकीट मुठीत घेऊन निघाली. घरी गेल्यावर तिने लेकीच्या बॉलपेनने त्यावर स्वतःचं नाव लिहिलं, तिकीट माझ्या आतल्या खिशात सारलं आणि वरून हात फिरवला. मी घाबरले. मला तोंड असतं तर मी तेव्हाच ओरडले असते.

त्या घरात मी तीन आठवडे कपाटावर होते, म्हणून सगळी हकिकत मला कळली. तेक हाँगची बाजाराच्या कोपऱ्यावर खाण्याची गाडी होती. तांदळाच्या रुंद शेवया, शिंपल्यातल्या तिसऱ्या, बदकाचं अंडं, कोळशाचा जाळ. अडतीस वर्षांत ती गाडी वर्षाला दोनच दिवस बंद राहिली. या माणसाला एकच छंद होता. लेकीच्या शाळेच्या जुन्या वहीत, मागे पाढे छापलेल्या, तो बँकॉकच्या सहलीचा बेत लिहायचा. तीन दिवस, दोन रात्री, कमीत कमी खर्चात. बँकॉकहून आलेलं गिऱ्हाईक दिसलं की त्याला एक अंडं जास्त घालायचा आणि प्रश्न विचारून भंडावून सोडायचा. स्टेशनजवळ खोली कुठे, नदीतल्या बोटीचं भाडं किती, चिनी वस्तीतलं जेवण कसं. रात्री वही काढून सगळं टिपून ठेवायचा.

त्या वहीत तो कुठे कुठे दिसायचा. 'खालची बर्थ तिला, वरची मला, वरची स्वस्त पडते.' 'गाडीत तिला मळमळतं, आल्याच्या वड्या घ्याव्या.' 'पंख्याची खोली पुरे.' 'बोटीत पुढे बसू नये, पाणी उडतं, तिची चिडचिड होईल.' चौदा वर्षं हे चाललं आणि चौदा वर्षं गाइक इम म्हणत राहिली, पुढच्या वर्षी बघू. तीन दिवस चूल विझली की गिऱ्हाईक समोरच्या गाडीवर जातं आणि तिथलंच होतं, हा तिचा हिशेब होता. तो चूकही नव्हता. शेवटच्या वर्षी तर त्याने न सांगता तिकिटं काढून आणली. तिने भांडून परत करायला लावली. तो गेला, परत करून आला आणि काही न बोलता कांदे सोलायला बसला. तो बडबडला असता तर तिला पुढे एवढं लागलं नसतं.

मला जाळायच्या आदल्या दिवशी फाइक ली, म्हणजे त्यांची एकुलती लेक, माझ्यात कागदी सदरे भरत होती. पस्तिशीची, शाळेत कारकून, लग्न न करता आईबापांपाशीच राहिलेली. सदरे लावताना तिचा हात आतल्या खिशात गेला. तिकीट बाहेर काढून तिने वाचलं आणि तशीच जमिनीवर बसली. आई समोरच मोडाच्या मुगाच्या शेपट्या खुडत होती.

"आई, हे तुझं नाव आहे."

"माहीत आहे. मीच लिहिलंय."

"कशाला?"

"त्यांना एकट्याने जमायचं नाही. आपले बनियन कुठे आहेत ते मला विचारायचे, ते परक्या गावात खोली काय शोधणार?" तिचे हात थांबले नव्हते. "चौदा वर्षं मी पुढच्या वर्षी म्हणत राहिले. आता कुठलं पुढचं वर्ष?"

"आणि मी?" लेक म्हणाली.

गाइक इमने पुढची मूठ ओढली. मुगाचा ढीग भराभर कमी होत गेला. फाइक लीने आदळआपट केली नाही, रडलीही नाही. उठून वही घेऊन आली आणि म्हणाली, एवढंच त्यांच्याबरोबर जायचं असेल तर खरं तिकीट काढून जाऊ. बाबांना कागदाचं, आपल्याला रेल्वेचं. आई म्हणाली, भुतांच्या महिन्यात प्रवास करतं का कोणी? त्यावर लेकीने वहीचं एक पान उघडून तिच्या मांडीवर ठेवलं. तेक हाँगच्या ठसठशीत अक्षरात तिथे लिहिलं होतं, 'सातव्या महिन्यात गाडी रिकामी असते, खोलीही अर्ध्या भावात. पण ती यायची नाही.'

ते शेवटचं वाक्य तिने तीन-चारदा वाचलं असेल. मग पदार्थाची चव सांगावी तशा साध्या आवाजात म्हणाली, "शुक्रवारची गाडी असते ना?"

नाव लिहिलेलं ते दुसरं तिकीट फाडायची लेकीला भीती वाटली. जाळायचा प्रश्नच नव्हता. तिने ते वहीच्या मागच्या पुठ्ठ्यात, पाढ्यांपाशी, ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला घरापुढे रस्त्यावर खडूने गोल रिंगण आखलं आणि मला आत ठेवलं. रिंगणाबाहेर भात आणि सुटी नाणी फेकली, बेवारशांसाठी. ते आलेच होते. जिवंत माणसांना दिसत नाहीत, मला दिसले. किती बारीक झालेले, आणि सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. धन्याला नावाने हाक मारल्याशिवाय तो येत नाही, आणि गाइक इमने जन्मात कधी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. फाइकचे बाबा, एवढंच. तिचे ओठ दोनदा हलले आणि बंद झाले. माझ्या एका कोपऱ्याने पेट घेतला होता. तिसऱ्या वेळी ती मोठ्याने म्हणाली, "ऊई तेक हाँग, बॅग घ्या." गर्दी बाजूला झाली आणि खांद्यावर टॉवेल टाकलेला एक बुटका माणूस लगबगीने रिंगणात आला. मी त्याच्या हातात पडले तेव्हा त्याचे हात गार होते, पण धरणं फार जपून होतं.

मेलेला माणूस पाणी आपणहून ओलांडत नाही. प्रत्येक पुलाशी, प्रत्येक नदीशी त्याला सांगावं लागतं. रुग्णालयातून तेक हाँगला घरी आणलं तेव्हाही दोघी वाटेतला पूलन् पूल सांगत आल्या होत्या. शुक्रवारी फेरीबोटीत पाय ठेवतानाच गाइक इम पुटपुटली, "पाणी आलं हं, या." पलीकडे बटरवर्थला गाडी लागली होती. डबा खरोखरच रिकामा होता. समोरासमोरच्या खालच्या बर्थ दोघींच्या, आणि गाइक इमच्या डोक्यावरची वरची बर्थ कोणाचीच नव्हती. तेक हाँग मला घेऊन तिथे चढला. थोड्या वेळाने खालून एक हात वर आला आणि त्याने बर्थच्या कडेला आल्याची वडी ठेवली. ती रात्रभर जागीच राहिली, आणि पूल आला की तिची हाक यायची. "फाइकचे बाबा, पूल. डोकं सांभाळा."

बँकॉकचे तीन दिवस वहीबरहुकूम झाले. पंख्याची खोली, पहाटेची बोट. बोटीत गाइक इम हट्टाने पुढे जाऊन बसली आणि नखशिखान्त भिजली, आणि चिडली नाही. चिनी वस्तीत तिने तीन वाट्या मागवल्या. विकणाऱ्याने तिसरं माणूस कुठे म्हणून पाहिलं, तर म्हणाली, येतायत मागून. पहिला घास खाऊन तिने जाहीर केलं की यांची कढईच तापलेली नाही. तेक हाँग तिच्या शेजारी स्टुलावर बसला होता. तो हसत होता. मी एवढा सुखी मेलेला माणूस आजवर पाहिला नाही, आणि आता मी बरेच पाहिलेत.

परतीची गाडी दुपारची होती. गाडी स्टेशनातून निघाली की अर्ध्या तासात मोठी नदी लागते. फाइक ली तेव्हा खोलीतल्या न्हाणीघराची गोष्ट सांगत होती. नळ हातात कसा आला, मालकीण थाई भाषेत ओरडतेय, ही आपल्या हॉक्कियन बोलीत माफी मागतेय, आणि दोघी मिळून भोकावर बोट दाबून उभ्या. ऐकता ऐकता गाइक इमला हसू फुटलं. सात महिन्यांत ती हसलेली नव्हती. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ती पोट धरून खिडकीला टेकली, आणि खिडकीबाहेर पुलाचे खांब एकेक करून मागे जाऊ लागले.

तेक हाँग वरच्या बर्थवरून वाकून तिच्याकडे पाहत होता. हाकेची वाट पाहत नव्हता, नुसता तिला पाहत होता. हाक आली नाही. आमच्या खालून गाडी निघून गेली आणि आम्ही दोघं अलीकडच्या काठावर गवतात उभे राहिलो. मी त्याच्या हातात होते, म्हणून मला ठाऊक आहे, त्याने एक पाऊल उचललं होतं. मग खाली ठेवलं. "हसू दे तिला," एवढंच म्हणाला. पुढच्या पुलाशी तिने हाक मारली ती आम्हाला फार लांबून ऐकू आली, पण मधे नदी होती.

तेव्हापासून आम्ही इथेच आहोत. दरवर्षी सातव्या महिन्यात घरचा धूर येतो, आणि धुरातून सदरे, चपला, एकदा छत्री. सामानाबरोबर तिचं बोलणंही येतं. पहिल्या वर्षी तिने विचारलं, "परत आल्यापासून स्वप्नात आला नाहीत. रागावलात का?" दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. चौथ्या वर्षी म्हणाली, तिकिटं परत करायला लावली त्याचाच राग असेल. तो इथून नाही नाही म्हणत राहतो, पण धूर एकाच दिशेने जातो. यंदा तर नाव पुकारणारा आवाज लेकीचा होता. आईचे गुडघे धरलेत, रिंगणापर्यंत येववत नाही, म्हणाली.

एवढ्यासाठीच मी बोलते आहे. तुमच्यापैकी कोणी पेनांगला जाणार असेल, तर बाजाराच्या कोपऱ्यावर चौकशी करा. गाइक इम सापडली तर तिला सांगा की तो रागावलेला नाही. ती पुलावर हाक मारायला विसरली, बस्स, आणि ते कशामुळे विसरली ते त्याने डोळ्यांनी पाहिलंय. खोली चांगली आहे, पंखा चालतो. इथल्या कढईबद्दल तिचं म्हणणं बरोबर होतं. ती आलीच कधी तर तिच्यासाठी खालचीच बर्थ राखून ठेवलीय, पण तिला म्हणावं, घाई करू नकोस.

त्या वहीच्या पुठ्ठ्यातलं तिकीट एक दिवस फाइक लीला जाळावंच लागेल, आणि ते येऊन माझ्याच खिशात पडेल, हे तेक हाँगला ठाऊक आहे. म्हणून रोज दिवेलागणीला, नदीवर बोटींचे दिवे लागले की, तो मला मांडीवर घेतो, उघडतो आणि आतल्या खिशात दोन बोटं घालून पाहतो. आजही पाहिलं. खिसा रिकामा होता. बरं झालं म्हणाला, आणि मला पुन्हा बंद केलं.