पेंड खाल्लेली पिल्लं

माझ्या तोंडाला उभा गाव भितो, म्हणून तर सोसायटीनं मला तळ्याची राखण दिली. हिंमतराव चेअरमन भर बैठकीत म्हणाले, "केशरबाईला बसवा काठावर. शेळ्या तर न्हायच, शेळीवालं बी फिरकायचं न्हाय." सगळी हसली. हसू द्या. बहात्तरच्या दुष्काळात ह्याच तळ्याची माती म्या डोक्यावर वाहिली होती. मालक त्याच साली गेले. लेकरूबाळ झालं न्हाय. मग बांधावरच्या खोपीत राहायला आले ती आलेच.

तळं आटाय लागलं की गाळ उघडा पडतो आणि लोक त्यात पार पाण्यापतुर ज्वारी, हरभरा पेरतात. आमच्या मच्छीमार सोसायटीनं ठरवलं, पाण्यालगतचा पट्टा पेरायचा न्हाय, चारायचा न्हाय, तिथलं गवत कापायचं न्हाय. पाऊसकाळात पाणी चढलं की ते गवत पाण्याखाली जातं आणि मासळी त्यातच अंडी घालती. गवत गेलं की मासळी गेली. एवढी साधी गोष्ट पटवायला माझा घसा फाटला बघा.

पुढं एक रीत पडली. दुसऱ्या गावानं नवं तळं राखायला घेतलं की बीज आमच्याकडनं न्यायचं. बीज म्हणजे बोटाएवढी पिल्लं. पण नुसतं बीज आमी देत न्हाय. त्याच्यासंगं माझ्या हाताखाली तयार झालेलं एक तरणं माणूस जातं, तिथल्या लोकांना काठ राखाय शिकवाय. पिल्लं जित्ती पोचली तर ते माणूस तिथंच ऱ्हाणार. वाटंत मेली, तर त्या गावाला ते माणूस लाभत न्हाय असं समजायचं आणि रिकाम्या घागरींसंगं त्यानं माघारी यायचं. कुणी ठरवलं ठाऊक न्हाय, पण सगळी मानतात.

बलभीम असाच उमरग्याकडं गेला. उत्तरेश्वर भूमकडं. दोघं सोनारीच्या जत्रंला येतात, पाया पडतात, "बऱ्या हाव का मावशी?" विचारतात. बरी हाय म्हणते. काय सांगू त्यांना? की सबंध उन्हाळा म्या एका बगळ्याशी भांडून काढला, कारण भांडाय दुसरं कुणी न्हवतं?

मग मुक्ता आली. बनाबाईची पोरगी. बना आन् म्या दुष्काळी कामावर जोडीनं पाट्या उचलायचो. बना मेली आणि पोरगी मामाकडं शेळ्या राखाय राहिली. एक दिवस शेळ्या घेऊन राखीव पट्ट्यात घुसली. म्या तिची शेळी धरून बांधली. दुसरी असती तर रडली असती. ही फतकल मारून शेळीशेजारी बसली आणि म्हणाली, "मग मला बी बांधा." घ्या! असलं तोंड माझ्याच तोडीचं. ठेवून घेतली.

गवतात अंडी कुठं हायेत ते ती पाण्याच्या वासावरनं सांगाय लागली. बाया-बापड्यांपुढं उभी राहून बोलाय लागली, ते बी न भिता. आमचं दोघींचं रोज कडाकडा भांडण व्हायचं आणि रोज एका ताटात जेवण व्हायचं. म्या सुखात होते. इतकी की मला त्याचं भ्या वाटायचं.

गौरी-गणपती झाले आणि ईट गावाहून भीमाशंकर आला, तिथल्या नव्या सोसायटीचा सेक्रेटरी. म्हणाला, "बीज पायजे मावशी. आणि मुक्ताबाई पायजेत." मुक्ताबाई! काल शेंबूड पुसत होती. तिची आत्या ईटलाच दिलेली, ऱ्हायाची फिकीर न्हवती. न्हाय म्हणाय मला काय बी जागा न्हवती. "टेम्पो घेऊन परवा ये," म्हणाले.

बीज न्यायचं म्हणजे आदल्या दिवशी पिल्लं धरून लुगड्याच्या झोळीत, पाण्यातच, उपाशी ठेवावी लागतात. पोट रिकामं असलं तरच घागरीतलं पाणी घाण होत न्हाय. खाल्लेली पिल्लं अर्ध्या वाटंत मरतात. आणि वाटभर घागर हिंदकळत ठेवावी लागती, म्हंजे पाण्यात हवा मिसळती. हे म्या मुक्तीला पहिल्या वर्षीच शिकवलं होतं.

ठरल्या दिवशी सकाळी झोळी उचलली. पाणी दुधावानी गढूळ. नाकाशी नेलं. शेंगदाण्याची पेंड! पिल्लं जाळ्याकडं ओढाय खोपीत पोतं ठेवतो, त्यातली. पिल्लांची पोटं टरारलेली.

"मुक्ते, ह्यात पेंड कुणी टाकली?"

"कावळ्यानं."

"कावळ्याला पोत्याची गाठ सोडाय येती व्हय गं?"

तिनं हात मागं घेतला. बोटांना अजून पेंड चिकटलेली.

खोटं कशाला बोलू? मला आधी आनंद झाला. कुणीतरी माझ्यापाशी ऱ्हाण्यासाठी एवढी लबाडी केली होती. तशीच पिल्लं घागरीत भरली असती तर सांजच्याला मुक्ती माघारी आली असती आणि कुणाला कायबी कळलं नसतं. म्या झोळी तशीच धरून उभी ऱ्हायले. टेम्पोचा आवाज वड्यापतुर आला होता.

"जीव घेणार व्हतीस ह्यांचा?" म्या ओरडले. "हेच शिकवलं तुला?"

"मला न्हाय जायचं मावशी."

"मग तिथल्या काठाला नांगर लागू दे?"

"तुमाला तरी कुठं वाटतंय म्या जावं?"

"न्हायच वाटत!" माझा आवाज फाटला. "मला वाटून काय व्हतंय? तुला बोलावलंय ईटनं. तू बोललीस तर लोक ऐकतात. माझ्या तोंडाला नुसतं भितात गं."

ती रडली. म्या तिच्यापुढं झोळी उलटी केली आणि ती पिल्लं तळ्यात सोडून दिली. भीमाशंकरला सांगितलं, आज मुक्काम कर, बीज उद्या मिळंल. दुसरी पिल्लं धरली. मुक्तीनंच धरली, तिच्याएवढा हलका हात माझा न्हाय. मग पेंडीचं पोतं बुडाखाली घेऊन म्या झोळीशेजारी दिवसभर बसले. ती बी समोर बसली. आमी भांडलो न्हाय. ते लई जड गेलं.

दुसऱ्या दिवशी घागरी टेम्पोत चढल्या. ती पाया पडाय वाकली तर म्या म्हणाले, "घागर हिंदकळत ठेव, झोपशील न्हायतर." एवढंच निघालं तोंडातनं.

चार दिवसांनी निरोप आला, सगळी पिल्लं पोचली.

तळ्यातल्या मासळीला पेंड घालावी लागत न्हाय, काठ तिला पोसतो. माझंच शिकवणं हाय ते. तरी रोज सांजच्याला म्या मूठभर पेंड घेऊन काठाला जाते. ती पेंड खाल्लेली पिल्लं आता वीतभर झाली असतील. माझ्यापाशी ऱ्हाण्यासाठी मुक्तीनं त्यांचं पोट भरलं होतं. मुक्ती गेली, ती पिल्लं ऱ्हायली.