सावड आणि समग्रलक्षी

समग्रलक्षी अर्थशास्त्र हे नाव ऐकलं तरी माझं डोकं फिरतं. बाकीचे सगळे विषय निघाले, हा एकच दोनदा राहिला. आठवडाभर अंगणवाडीतली पोरं सांभाळायची, घरचा कांदा बघायचा, आणि रविवारी देवळाली कॅम्पहून बस धरून गंगापूर रोडच्या अभ्यासकेंद्रात जाऊन बाकावर पाय हलवत बसायचं, हे माझं शिक्षण. यंदा नोंदणीची मुदत संपत होती. या खेपेला विषय निघाला नाही तर पदवी गेली, आणि पदवी गेली की अंगणवाड्या तपासणाऱ्या मुख्यसेविकेच्या परीक्षेला बसणंही गेलं. मग बसा जन्मभर पोरांची वजनं करत.

आमचे ढुंढिराज सर शिकवतात चांगलं, पण इतकं सावकाश की माझा जीव वर-खाली होतो. राष्ट्रीय उत्पन्नाच्या धड्यात म्हणाले, ज्या कामाचे पैसे दिले-घेतले जात नाहीत, ते काम यात धरत नाहीत. घरचा स्वयंपाक नाही, धुणीभांडी नाहीत. मी उभी राहून विचारलं, मग आमची सावड? सर शहरात वाढलेले, त्यांना सावड ठाऊक नव्हती. मी सांगितलं, आज तुम्ही आमच्या रानात कांदा लावायला या, उद्या आम्ही तुमच्या रानात येतो, मजुरी कुणी कुणाला देत नाही. सर चष्मा पुसत म्हणाले, तीसुद्धा धरत नाहीत.

असा संताप आला म्हणून सांगू! दिवसभर वाकून कंबर मोडायची आणि सरकारच्या लेखी आम्ही घरी बसून. पण पेपरात तेच लिहायचं होतं, म्हणून घोकलं मुकाट्यानं.

मग वेळापत्रक आलं. माझा पेपर आणि चांगुणाक्काची कांदालागवड एकाच दिवशी. चांगुणाक्का आमच्या शेजारच्या मळ्यातली. आमच्या लागवडीला ती दोन्ही सुनांना घेऊन आली होती, अंधार पडेपर्यंत राबली होती. आता तिच्याकडं जायची पाळी माझी. सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्यांना सरीत बसवत नाही. म्हणजे मीच.

अक्काला सांगायचं ना सरळ, की पेपर आहे म्हणून! पण ते सांगायचं तर दोनदा नापास झाले हेही सांगावं लागलं असतं. सगळ्या वस्तीत मी 'झालीच आता पदवी' म्हणून मिरवलेली.

तेव्हा मी युक्ती काढली. सुरगाण्याकडून मजुरीला आलेल्या बायांची टोळी रस्त्याकडेला उतरली होती. त्यातल्या लंकाबाईला गाठलं, मजुरी आधीच हातावर ठेवली, आणि सांगितलं की सकाळी चांगुणाक्काच्या रानात जायचं, माझ्या, म्हणजे तेजस्विनीच्या, जागी आले म्हणायचं. लंकाबाईचा हात माझ्यापेक्षा चपळ, तेव्हा अक्काचा फायदाच होता. सासूबाई म्हणाल्या, आधी अक्काला विचार तरी. मी फणकारले, विचारायचं काय त्यात, काम झाल्याशी मतलब!

पेपरच्या दिवशी केंद्राच्या फाटकात शिरत होते तोच सासूबाईंचा फोन आला. चांगुणाक्कानं लंकाबाईला बांधावरूनच माघारी धाडलं होतं.

"काय म्हणाली अक्का?" मी विचारलं.

"म्हणली, मला मजूर लावायचा असता तर मी लावला नसता व्हय? तेजूला सांगा, पुन्हा नगं येऊ."

तेवढ्यात शिपायानं फोन बंद करायला लावला. प्रश्नपत्रिका हातात आली, पण अक्षर दिसेना. अक्काचं उपटून ठेवलेलं, उन्हात सुकत चाललेलं रोप डोळ्यांपुढं येत होतं. उठून जावं वाटायचं, मग पदवी आठवायची, पुन्हा बूड टेकायचं. पर्यवेक्षक बाईंनी दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का. शेवटी राष्ट्रीय उत्पन्न मोजण्यातल्या अडचणींचा प्रश्न दिसला. सावडीचं उदाहरण देऊन लिहीत सुटले, पेन थांबेना. घंटा झाली तशी पळाले. बस कॅम्पात पोचेपर्यंत मी सीटवर धड टेकले नाही.

बसमधून उतरले ती थेट अक्काच्या रानात. उन्हं कलायला लागली होती. सुना पुढच्या वाफ्यात होत्या. अक्का एकटी मागं राहिली होती आणि तिच्या शेजारची सरी रिकामी होती. परीक्षेला नेसलेली नवी साडी खोचली, बांधावरची रोपाची जुडी उचलली आणि त्या सरीत बसले. अक्कानं मान वर केली नाही. सरी अर्धी झाली तशी मी बोलून टाकलं.

"अक्का, पेपर होता माझा. दोनदा नापास झालेय मी. लाज वाटली म्हणून बोलले नाही."

तिचा हात थांबला.

"मंग पोरी, रोप उपटायच्या आधी सांगायचं. दोन दिवसांनी लावलं असतं. कांदा काय पळून चालला होता?"

माझे डोळे भरून आले, आणि हात चिखलाचे, पुसायचे तरी कशानं.

"तू बाई धाडलीस तवा मला वाटलं, हिला मोठी नोकरी लागणार, आता आपल्याशी सावड तोडायची हाय," अक्का म्हणाली. "पैसे टाकले की मिटलंच की सगळं."

मग तिनंच विचारलं, या बारीला तरी निघेल का. मी म्हटलं, निघेल. खरंच तसं वाटत होतं.

दिवस मावळायला आला तशी सगळ्याजणी पाटावर हातपाय धुवायला गेलो. अक्का म्हणाली, आज तुझा अर्धाच दिवस भरला. मी घाईघाईनं म्हटलं, उद्या सकाळी येते, उरलेला अर्धा भरून टाकते.

"उद्या नगं," ती म्हणाली. "राहू दे तेवढा तुझ्याकडं. म्हंजे पुढच्या साली तुला यावं लागंल."