केवळराम पडले

सत्यभामाबाईनं कोचईचं, म्हणजे अळूचं, मोठं पान पाटावर उलटं पसरलं, त्याच्या जाड शिरा लाटण्यानं दाबून चपट्या केल्या आणि बोटांनी बेसन फासायला सुरुवात केली. उंबऱ्यात बसून शेजारची धुरपता लसूण सोलत होती.

"आताच करून रायली का वड्या?" धुरपतानं विचारलं. "आदी निकाल तं लागू दे."

"निकाल मले मालूम आहे."

"आन् जितून आले तं?"

"जितून आले तं गाव खाईल. पडले तं आमी दोघं खाऊ." सत्यभामाबाईनं पानावर दुसरं पान ठेवलं. "दोघाले पुरतील येवढ्याच करून रायली."

धुरपता हसली. दिवाळी नुकतीच सरली होती. हलकं धान कापून बांध्यांमध्ये वाळत टाकलेलं होतं आणि तिकडे साकोलीत सकाळपासून विधानसभेची मतमोजणी चालू होती.

सत्यभामाबाईचा नवरा केवळराम तिसऱ्यांदा उभा होता. पहिल्यांदा उभा राहिला तो जिल्हा तुटला त्या वर्षी, आणि त्याचं कारण सांगून लोक अजून हसत. लेक तृप्ती त्यानं जवळच्याच तालुक्यात दिली होती, चांगली भंडारा जिल्ह्यात. लग्नाचा मांडव वाळतो न वाळतो तोच सरकारनं गोंदिया वेगळा काढला आणि तृप्तीचं सासर तिकडे गेलं. "माही पोरगी मले न विचारता दुसऱ्या जिल्ह्यात कशी काय देल्ली?" असं त्यानं सानगडीच्या बाजारात खुर्चीवर चढून विचारलं, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या त्याला दिल्या, मतं ज्यांना द्यायची त्यांना दिली. दुसऱ्या खेपेला तो तलावातला गाळ काढावा म्हणून उभा राहिला. या खेपेला दोन्हींसाठी.

निशाणी मिळाली कपबशी. मग काय, ज्याच्या दारात जाई तो म्हणे, "केवळभाऊ, कपबशी आनली, च्या कुठं आहे?" तोही त्यांच्यासोबत हसे आणि पुढच्या दारात जाई. घरचं खाऊन लष्करच्या भाकरी भाजणारा माणूस. तो उभा राहिला की गावाची करमणूक व्हायची आणि सत्यभामाबाईच्या जिवाला घोर लागायचा.

घोर उगाच नव्हता. यंदा प्रचारात चढ आला की तो सायकलवरून उतरायचा आणि मध्येच विजेच्या खांबाला धरून थांबायचा. विचारलं तर म्हणायचा, धुळीनं होते. सत्यभामाबाई चिडली, रडली, त्याच्याशी बोलायची थांबली. तेव्हा एका सकाळी तो तिच्या चुलीपुढे येऊन बसला.

"हे शेवटचं," तो म्हणाला. "यंदा पडलो तं पुन्हा उभा नाई राहत. घरीच बसीन, तुह्यापाशी."

"आन् नाई पडले तं?"

"तं मंग मुंबईले चालजो माह्यासंगं."

मुंबईच्या नावानं दोघंही हसत सुटले होते. बोलणं सुरू झालं ते तिथून.

तेव्हापासून ती नवऱ्याच्या पडण्याची वाट पाहत होती. तिनं हे कोणापासून लपवलंही नव्हतं. इतकी वर्षं तिचा माणूस गावानं वापरला होता. कोणाचा दाखला, कोणाचा दवाखाना, कोणाच्या बांधाचं भांडण. आता तो तिला घरात हवा होता, बस्स. येत्या शनिवारी तृप्तीच्या गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा होती. मंडईला गावोगावचे आईबाप लेकीकडे जातात, रात्री दंडारीचा खेळ पाहतात, जत्रेत नातवंडांना फुगे घेऊन देतात. सत्यभामाबाई दरवर्षी एकटीच एसटीनं जायची आणि तृप्तीची सासू दारातच विचारायची, "इवाई नाई आले का?" या वेळी दोघांनी मिळून जायचं ठरलं होतं.

धुरपताच्या कमरेला खोचलेला मोबाइल वाजला. तिनं नाव पाहिलं.

"वीरेंद्र होय."

वीरेंद्र हा केवळरामच्या वारलेल्या भावाचा मुलगा. याच घरात वाढला, आता सानगडीत मोटारी दुरुस्त करायचं त्याचं स्वतःचं दुकान होतं. दुकान बंद ठेवून तो काकासोबत मोजणीला गेला होता. सत्यभामाबाईचे हात बेसनानं भरलेले, म्हणून धुरपतानंच फोन तिच्या कानाला लावून धरला. पलीकडे भोंगा चालू होता आणि कोणाच्या तरी नावाच्या घोषणा.

"काकू," वीरेंद्र म्हणाला. "काकू, काकाजी पडले."

"पडले?"

"हो. आताच पडले. इथं—"

पुढचं घोषणांमध्ये बुडालं. सत्यभामाबाईनं डोळे मिटले. इतकं हलकं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"बरं झालं," ती म्हणाली. त्या गलक्यात ऐकू जावं म्हणून पुन्हा मोठ्यानं म्हणाली, "बरं झालं म्हना त्याईले. माह्या मनासारखं झालं. आता घेऊन ये घरी."

पलीकडून घोषणा तेवढ्या ऐकू येत राहिल्या, मग फोन बंद झाला.

"पडले ना?" धुरपतानं विचारलं.

"पडले एकदाचे."

वड्यांचे उंडे तिनं वाफवायला ठेवले. धुरपता घरी गेली. रस्त्यानं जाणाऱ्यांना सत्यभामाबाई स्वतःच हाका मारून सांगत होती, पडले गा आमचे, आता कोनाले च्या मांगाल? लोकही हसून पुढे जात होते. रस्सा उकळला, भात झाला. मग तिनं आंघोळ केली आणि पेटीतलं मोरपंखी लुगडं काढलं. हरून आलेल्या माणसासमोर उदास तोंडानं बसायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. कुंकू लावताना स्वतःशीच हसूही आलं तिला, या वयात का नटणं बाप्पा.

दुपार कलली तशी माणसं अंगणात यायला लागली. मागच्या दोन्ही वेळी आली होती तशीच. फक्त या वेळी कोणी चेष्टा करत नव्हतं. सगळ्यांत पुढे भय्याजी होते, गावातले वडीलधारे. कपबशीची सगळ्यात जास्त टिंगल त्यांनीच केली होती. ते खाटेवर न बसता निंबाजवळ उभे राहिले.

"बसा ना भय्याजी," सत्यभामाबाई म्हणाली. "आज आमच्याकडची च्या घेऊनच जा."

"नाई बाई. असू दे."

"कायले असं तोंड करून रायले सारे?" ती सगळ्यांकडे पाहत म्हणाली. तिला त्यांचं थोडं नवलच वाटलं, थोडं बरंही वाटलं, की शेवटी का होईना गावाला तिच्या माणसाचं वाईट वाटतं आहे. "पडले तं पडले. इलेक्शनात पडलं म्हनून का मानूस मरते?"

भय्याजींनी डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरून तिच्याकडे पाहत राहिले. मागच्या बाया एकमेकींच्या आड सरकल्या. त्या बायांमध्ये धुरपता होती, तोंडात पदराचा बोळा धरून.

"धुरपता," सत्यभामाबाईनं हाक मारली. "का झालं व?"

धुरपता पुढे आली. तिनं सत्यभामाबाईचे दोन्ही हात धरले.

"बाई," ती म्हणाली, "ते पडनं नोहोय."

थोड्या वेळानं गाडी आली. मोजणीच्या जागेबाहेर, मांडवात, केवळराम चहा घ्यायला उठला आणि खाली कोसळला. दवाखान्यात न्यायला गाडी मिळाली, पण दवाखाना यायच्या आधीच सगळं संपलं. हे तिला कोणी सांगितलं ते तिला नंतर आठवलं नाही. मोरपंखी लुगड्यातच ती त्याच्या उशाशी बसली. तिला ते बदलायला सांगायची कोणाची छाती झाली नाही.

निकाल संध्याकाळी लागला. केवळरामच्या गावानं त्याला पहिल्यांदाच भरभरून मतं दिली होती, पण एका गावाच्या मतांनी काय होतं. तो हरला. सांगताना लोक 'हरला'च म्हणायचे. दुसरा शब्द त्या घराच्या आसपास कोणाच्या तोंडातून निघेना.

भडाग्नी वीरेंद्रनं दिला. तेरवीपर्यंतचं सगळं त्यानंच केलं, लेकानं करावं तसं केलं. पण काकूच्या नजरेला त्यानं नजर म्हणून दिली नाही. ती ओसरीत आली की तो अंगणात जायचा. ती अंगणात आली की त्याला गावात काम निघायचं. तिनं वाढलेलं ताट तो तृप्तीच्या हातून घ्यायचा. तेरवी झाली, तृप्ती डोळे पुसत सासरी गेली, आणि घरात काकू आणि पुतण्या दोघंच उरली. तेव्हा मांडवाच्या दोऱ्या सोडत असलेल्या वीरेंद्रला तिनं हाक मारली.

"इकडे ये. बस."

"हे सोडून येतो काकू."

"बस म्हनलं ना."

तो पायरीवर बसला, तिच्याकडे पाठ करून. सत्यभामाबाई त्याच्या मागे खांबाला टेकली. हे बोलणं तिनं इतक्या वेळा मनात केलं होतं की तोंडातून ते एका दमात बाहेर आलं.

"तू माह्यावर राग धरला, तं तुह्यं काही चुकलं नाई. पन आयकून घे. फोनवर तू पडले म्हनलं, तं मले वाटलं मतात पडले. म्हनून मी बरं झालं म्हनलं. देवाशपथ, दुसरं काही नोहोतं माह्या मनात. त्याईनं मले शब्द देल्ला होता, पडलो तं घरी बसीन म्हनून. मी त्या शब्दाची वाट पाहून रायली होती रे."

"मालूम आहे काकू," वीरेंद्र म्हणाला. "मले तवाच समजलं होतं."

"मंग?"

वीरेंद्रनं हातातल्या दोरीला गाठ मारली, ती सोडली.

"मंग काहून बोलत नाई माह्यासंगं?"

"काकाजीनं आयकलं," तो म्हणाला.

सत्यभामाबाईला आधी नीट कळलंच नाही.

"मी फोन लावला तवा ते होते, काकू. शुद्धीत होते. मांडवात सतरंजीवर निजवलं होतं, डोकं माह्या मांडीवर. त्याईनंच सांगलं, घरी फोन लाव म्हनून. माह्या फोनचा आवाज कसा आहे तुमाले मालूम आहे, चार घरं आयकू जाते. तुमी जे म्हनलं ते सारं त्याईले आयकू गेलं." त्यानं दोरी खाली टाकली. "मले पुढं बोलताच नाई आलं. मी फोन बंद केला. माह्यानं झालंच नाई."

तिनं खांबाला हात लावला. मग ती खाली बसली, त्याच्या शेजारी, त्याच पायरीवर.

"आयकून का म्हनले ते?"

"काही नाई म्हनले. हासले."

"हासले?"

"हो."

"कसे हासले?"

वीरेंद्रनं पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. त्याला प्रश्न कळला नव्हता.

केवळरामची हसणी दोन होती. कोणी चारचौघांत टोचून बोललं, घालूनपाडून बोललं की तो तोंडभर हसायचा, दात दाखवून. लोकांना वाटे याला काही लागतच नाही. त्या रात्री तो जेवत नसे, हे फक्त तिला ठाऊक. आणि दुसरं हसणं असायचं ते ती काहीतरी भलतंच समजून भलतंच बोलून बसली की. तेव्हा तो ओठ मिटून, आवाज न करता, नुसता नाकातून हसायचा, आणि मग कितीतरी वेळ तिच्याकडे पाहत राहायचा. ते हसणं तिच्याशिवाय कोणी पाहिलेलं नव्हतं.

"दात दिसले का त्याईचे?" तिनं विचारलं. "का तोंड मिटून हासले?"

"काकू, त्या टायमाले मी—"

"आठव, बाबू. दात दिसले का?"

वीरेंद्रनं डोळे मिटले. तो खरंच आठवायला लागला. मांडव, सतरंजी, भोंगा, मांडीवरचं ते डोकं. त्यानं स्वतःचे ओठ उघडून पाहिले, मग मिटून पाहिले, तसं करता करता त्याचं तोंड वाकडं झालं आणि तो लहान लेकरासारखा रडायला लागला.

"आठवत नाई, काकू. हासले येवढंच आठवते."

सत्यभामाबाईनं पदरानं त्याचं तोंड पुसलं. पाठीवरून हात फिरवला.

"राहू दे," ती म्हणाली. "आठवलं तं सांगजो. कवाही आठवलं तं सांगजो. मी झोपली असली तं उठवजो मले."